काच धुण्यात गेलेला दीड महिना

आमच्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये, स्टाफरूमच्या दाराशेजारी, काचेच्या फळ्यात एक यादी लावलेली होती. डावीकडे सरांची-मॅडमची नावं, मग डिग्र्या, आणि शेवटच्या रकान्यात 'स्पेशलायझेशन'. एफ.वाय., एस.वाय.ची दोन वर्षं मी तिच्यासमोरून रोज गेले असेन. वाचली मात्र टी.वाय.ला, प्रोजेक्टसाठी गाइड निवडायची वेळ आली तेव्हा. थिन फिल्म्स. थिन फिल्म्स आणि नॅनोमटेरिअल्स. इलेक्ट्रॉनिक्स. न्यूक्लिअर. परत थिन फिल्म्स. ॲस्ट्रोफिजिक्स एकाच सरांच्या नावापुढे, आणि त्यांच्याकडे अर्धा वर्ग रांगेत.

मलाही ॲस्ट्रोच हवं होतं. मी नारायणगावची. मामाच्या घरी जाताना एस.टी.च्या खिडकीतून खोडदच्या दिशेला जीएमआरटीच्या, म्हणजे तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या, डिश दिसायच्या. टोमॅटोच्या काठ्या, त्यामागे कांदा, त्यामागे आभाळाकडे तोंड करून बसलेली ती प्रचंड जाळीची ताटं. एकेक ४५ मीटर व्यासाचं, आणि अशी तीस. चौदा मध्ये जवळजवळ, बाकीची सोळा तीन दिशांना लांब पसरलेली. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांना अशा डिश असतात. नसतात हे कळलं तेव्हापासून त्याच विषयात काहीतरी करायचं डोक्यात होतं. पुण्याला आले तीही त्यासाठीच. इथे आयुका, इथे जीएमआरटी चालवणारी एनसीआरए, दोन्ही खगोलशास्त्राच्या संस्था. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं आणि बसने जाऊन जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकाच्या आवारात फुकाचा विचार करत बसायचं, हे मी पहिल्या वर्षी बरंच केलं.

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. मला आणि माझ्या पार्टनरला थिन फिल्म्सच्या मॅडम आल्या.

खोटं कशाला बोलू, हिरमुसले. त्याच संध्याकाळी मॅडमचं नाव गूगलवर टाकून पाहिलं. पेपर होते, पण जुने. बहुतेक पीएच.डी.च्या काळातले, शेवटचा तर आम्ही बालवाडीत असतानाचा. पार्टनर म्हणाली, "म्हणजे नावालाच." मीही मान डोलावली. आठवड्याला सोळा-सतरा तास, त्यात प्रॅक्टिकलच्या बॅचेस, परीक्षेची ड्यूटी, नॅकच्या फायली आणि कुठल्या ना कुठल्या समितीचं सचिवपद, एवढं सगळं उरकून कोणी पेपर कधी लिहावा, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

पहिल्या भेटीत मॅडमनी विषयच काढला नाही. विचारलं, "हाताला क्रीम लावतेस का गं?"

"हो. थंडीत."

"प्रोजेक्ट संपेपर्यंत लावायचं नाही. व्हॅसलीनसुद्धा नाही. आणि दोघींपैकी भांडी कोण चांगली घासतं?"

मला राग आला होता. भौतिकशास्त्राच्या संशोधनाची सुरुवात भांड्यांपासून! पण खरोखर तिथूनच झाली. आम्हाला झिंक ऑक्साइडचा पातळ थर काचेवर चढवायचा होता. जाडी साधारण तीनशे नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेक पट कमी. काच म्हणजे मायक्रोस्कोपची साधी स्लाइड, ७५ बाय २५ मिलिमीटर. त्या स्लाइडवर बोटाचा ठसा राहिला तर थर त्या ठशावर बसतो, काचेवर नाही. आधी साबणाचं पाणी, मग साधं, मग डिस्टिल्ड, मग ॲसिटोन, मग अल्ट्रासोनिक बाथ, परत डिस्टिल्ड. मग हॉट एअर ओव्हन. आम्ही पहिल्याच आठवड्यात बारा स्लाइड चकचकीत करून ट्रेमध्ये मांडून नेल्या.

मॅडमनी एक स्लाइड चिमट्याने कडेला धरली, तोंडाजवळ नेली आणि 'हा' करून तिच्यावर वाफ सोडली. आपण चष्मा पुसताना सोडतो तशी. मग ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

"बघ."

वाफ काचेवर धरली होती, पण मध्ये एक नकाशा उमटला होता. कुठे पांढुरकं, कुठे काहीच नाही, आणि एका कडेला माझ्या अंगठ्याच्या रेषा अगदी मोजता येतील अशा.

"स्वच्छ काचेवर वाफ सगळीकडे सारखी करडी धरते आणि सारखीच उडते. ही काच अजून तुझी आहे."

बाराच्या बारा परत. पुढच्या आठवड्यात बारापैकी दोन पास. आम्ही दोघी वेड्यासारख्या काचांवर 'हा-हा' करत बसायचो, आणि लॅबमधले मामा दारातून डोकावून म्हणायचे, "पोरींना दमा झालाय का?" हा प्रकार तब्बल दीड महिना चालला. वर्गातल्या बाकीच्यांचं काम तोवर पुढे गेलं होतं. ॲस्ट्रोवाल्यांनी पायथनमध्ये ताऱ्यांचे आलेख काढले होते. आमच्याकडे दाखवायला रिकाम्या काचा.

फवाऱ्याचा सेटअप मॅडमच्या जुन्या दिवसांतला होता, कपाटावर धूळ खात पडलेला. पद्धतीचं नाव स्प्रे पायरोलिसिस. ऐकायला भारी वाटतं, पण काम सोपं आहे. झिंक ॲसिटेटचं द्रावण करायचं, ते दाबाखालच्या हवेने बारीक तुषार करून तापलेल्या काचेवर फवारायचं. उष्णतेने ॲसिटेटचं विघटन होतं, बाकीचं उडून जातं आणि झिंक ऑक्साइड काचेवर चिकटून राहतं. कॉम्प्रेसर वर्कशॉपमधला, हॉट प्लेट डिपार्टमेंटची. हवेच्या नळीचे जोड आणि नीडल व्हॉल्व्ह पार्टनरच्या स्कूटरवरून रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणले. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ. तिथल्या दुकानदाराला 'के टाइप' एवढं म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही, फक्त 'किती लांब?' म्हणतो.

काचेचं नोझल मात्र मॅडमच्या ड्रॉवरमधून निघालं, कापसात गुंडाळलेलं. पूर्वी ते मोटरवर बसवून डावी-उजवीकडे हलवायची सोय होती म्हणे. मोटर कधीच जळाली होती. आम्ही ते स्टँडला एका जागी आवळून टाकलं.

द्रावणाचा हिशोब सोपा होता. शंभर मिलिलिटरमध्ये ०.१ मोलर करायचं तर २.१९५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट. गुरुवारी आमचा घात झाला. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद होतं. डिस्टिलेशन प्लांटला कंडेन्सर गार ठेवायला नळाचं वाहतं पाणी लागतं, त्यामुळे नळ बंद तर डिस्टिल्ड वॉटरही बंद. पार्टनरने कॉरिडॉरमधल्या फिल्टरचं पाणी भरून आणलं. "पिण्याचं आहे, स्वच्छच असणार." द्रावण दुधी झालं. त्यात ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकत गेलो. ते टाकायचेच असतात, नाहीतर झिंक हायड्रॉक्साइड खाली बसतं. थेंबांनी द्रावण निवळलं, आम्ही खूश. मॅडम लेक्चर संपवून आल्या. फ्लास्क नुसता ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाल्या, "हे पाणी कुठलं?"

द्रावण तर पारदर्शक होतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी ॲसेटिक ॲसिडच्या बाटलीकडे बोट केलं. सकाळी भरलेली बाटली चांगली दोन बोटं खाली गेली होती.

हा त्यांचा खाक्या मला हळूहळू कळायला लागला. फवारणी चालू असताना त्या शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "चोक झालंय गं!" आवाज ऐकून. नोझल नीट चालत असलं की एकसारखी 'स्स्स' येते. तोंडाशी मीठ धरलं की त्यात किंचित शिट्टी मिसळते. मला ती शिट्टी ऐकू यायला तीन आठवडे लागले. एकदा ऐकू आली आणि मग कायमची ऐकू येत राहिली, अगदी घरच्या गॅसच्या बर्नरमध्येसुद्धा. काचेवर पांढरी पावडर आली की त्या म्हणायच्या, "फार तापवलीस, थेंब काचेला लागायच्या आधीच वाळले." स्टीलच्या पेल्यावर पाणी सुकून राहतात तसे गोल डाग आले की, "फार गार." हे पुस्तकात आहे. पण पुस्तकात वाचून मला ते कधी दिसलं नसतं. यादीतल्या शेवटच्या रकान्यात 'थिन फिल्म्स' या दोन शब्दांत हे सगळं होतं, आणि गूगलवर त्यातलं काहीच नव्हतं.

तापमानाचा किस्सा थोडक्यात सांगते. आमचा प्रश्नच असा होता की काचेचं तापमान बदललं तर थरातल्या स्फटिकांचा आकार कसा बदलतो. ३५०, ४०० आणि ४५० अंश. हॉट प्लेटचा आकडा ४०० दाखवत होता, आम्ही सहा फिल्म काढून वहीत ४०० लिहून मोकळ्या. मॅडमनी थर्मोकपलचं टोक एका टाकाऊ स्लाइडवर दाबून बसवायला लावलं. काचेवर ३४५. फवारा सुरू झाला की आणखी खाली. "हॉट प्लेटचा आकडा हॉट प्लेटचा. काचेचा काचेला विचार." सहाच्या सहा परत. त्यातल्या दोन घाईने उचलताना तडकल्या होत्याच. तापलेली काच गार फरशीवर ठेवू नये, हे स्वयंपाकघरात आपल्याला माहीत असतं, लॅबमध्ये कसं विसरतो कोण जाणे.

मध्ये एकदा मी मॅडमना विचारलं होतं. झिंक ऑक्साइडचं सगळं लोकांना ठाऊक आहे, शेकडो पेपर आहेत, मग आपण नवीन काय करतोय? थोडं तिखटपणेच विचारलं. त्या चिडल्या नाहीत.

"तुझ्या हॉट प्लेटवर काय होतं ते कोणाला ठाऊक आहे?"

"कोणाला नाही."

"मग तेवढं तर शोध. तुझं उत्तर लोकांच्या उत्तराजवळ आलं तर तुझ्या हाताला रीडिंग घेता येतं, एवढं कळेल. नाही आलं तर मजा आहे."

आता मुख्य गोष्ट, जी आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

डिसेंबरअखेर आमच्याकडे नऊ फिल्म तयार होत्या. तीन तापमानांच्या तीन-तीन. एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिकाची रचना तपासायला, विद्यापीठात नंबर लागला होता. आमच्या कॉलेजात ते मशीन नाही. बहुतेक कॉलेजात नसतं. विद्यापीठात किंवा दुसऱ्या संस्थेत पैसे भरून, सॅम्पलमागे दर देऊन करून घ्यावं लागतं, आणि तारीख मिळायला महिना जातो. आम्ही नऊ फिल्मचे सेंटिमीटरभर तुकडे कापले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला परमनंट मार्करने नंबर घातले होते. जायच्या आदल्या संध्याकाळी वाटलं, हात लागलेत, एकदा धुवून घेऊ. ॲसिटोनमध्ये.

परमनंट मार्कर ॲसिटोनमध्ये परमनंट राहत नाही.

पेट्री डिशमध्ये ॲसिटोन फिकट निळं झालं होतं आणि तळाशी नऊ तुकडे, सगळे एकसारखे. पार्टनर काही बोललीच नाही. मी चिमट्याने एकेक उलटून पाहत होते, जणू एखाद्यावर तरी काही उरलं असेल. सहा वाजून गेले होते, मामा कुलूप घेऊन उभे. मॅडम घरी निघाल्या होत्या, त्या पार्किंगमधून परत वर आल्या.

त्यांनी टेबलावर काळा कागद पसरला, त्यावर नऊ तुकडे ठेवले आणि दिव्याकडे तिरके डोळे करून पाहत राहिल्या. पातळ थरावर रंग दिसतात, रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, जाडी बदलली की रंग बदलतो. आमच्या तुकड्यांवर तर मोराच्या पिसासारखी वर्तुळं होती, कारण नोझल हलत नव्हतं आणि मध्ये थर जास्त बसत होता. मॅडमनी पाचेक मिनिटांत नऊ तुकड्यांचे तीन ढीग केले. "हे साडेतीनशेचे. हे साडेचारशेचे, जरा खरखरीत दिसतायत. हे मधले."

माझ्या जिवात जीव आला. मी पाकिटं उघडून नावं घालायला लागले.

"काय करतेस?"

"मॅडम, तुम्ही सांगितलंत ना—"

"मला वाटतंय, असं सांगितलं. वहीत काय लिहिणार? मॅडमना वाटलं म्हणून?" मग थोड्या नरमल्या. "बरोबरच असेल बहुतेक. तरी चालणार नाही."

विद्यापीठाचा नंबर सोडून दिला. जानेवारीत नऊच्या नऊ फिल्म पुन्हा काढल्या. या वेळी कोपऱ्यात डायमंड पेन्सिलने नंबर कोरले, काचेतच. बोटाने चाचपून वाचता येतील असे. ते जुने नऊ तुकडे मॅडमनी फेकू दिले नाहीत. एका डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवली, 'निनावी'. पुढे नव्या सॅम्पलचा डेटा आल्यावर मी त्यांना म्हटलं, ते ढीग बरोबर होते का बघू या? त्या म्हणाल्या, "पैसे कोण भरणार?" ती डबी अजून कपाटात आहे.

नवा नंबर फेब्रुवारीत लागला. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीत बस अडकली, मी मांडीवर डबा धरून बसले होते, लग्नातला मोदकांचा डबा सांभाळावा तसा. मशीन पाहून थोडी निराशा झाली. मोठं कपाट, आत तुकडा ठेवायचा, दार बंद. पण पडद्यावर रेघ सरकायला लागली. आडव्या अक्षावर क्ष-किरणांचा कोन. ३१.८ अंशाला छोटं शिखर, ३४.४ ला एकदम उंच, ३६.२ ला मधलं. झिंक ऑक्साइडची तिन्ही शिखरं, पुस्तकात दिलेल्या जागांवर. आपण काचेवर फवारलेलं पाणी स्फटिक झालं आहे आणि त्यातले अणू ओळीने उभे आहेत, याचा तो पुरावा. माझ्याच्याने तिथे बोलवेना.

मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी मला एवढंच म्हटलं, "तुमच्या खोडदला २१ सेंटिमीटरच्या लहरी पकडतात, इथे दीड अँगस्ट्रॉमच्या. गणित लहरींचंच." आणि स्फटिकातून क्ष-किरण कोणत्या कोनाला परततात हे सांगणारं ब्रॅगचं सूत्र मांडलं तेव्हा लॉरेन्स ब्रॅग २२ वर्षांचा होता, हेही सांगितलं. "तुमच्याहून फार मोठा नव्हता." हे जरा टोचून.

मग मी शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढला. शेररचं सूत्र. ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले शिखराची रुंदी गुणिले कोनाचा कोसाइन. तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, रुंदी ०.३० अंश. उत्तर आलं ०.४८ नॅनोमीटर. मी ते सुबक अक्षरात वहीत लिहिलं, चौकट केली आणि दाखवायला नेलं.

मॅडमनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "झिंक ऑक्साइडच्या युनिट सेलची उंची किती?"

"०.५२ नॅनोमीटर."

"म्हणजे आख्खा स्फटिक त्याच्या एका विटेपेक्षा लहान?"

अंशांचे रेडियन करायचे राहिले होते. केल्यावर २७.७ आलं. गणितात चूक होणं मला नवीन नव्हतं. पण आलेलं उत्तर खऱ्या जगात बसतं का हे पाहायचं असतं, असं आजवर कोणी माझ्याकडून करून घेतलं नव्हतं. बारावीपर्यंत उत्तर पुस्तकाच्या मागे असायचं.

बाकी रीडिंग सरळ आली. यूव्ही स्पेक्ट्रममध्ये ३८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण एकदम चढत होतं. १२४० भागिले ३८०, म्हणजे ३.२६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा), अपेक्षित होता तसाच. तापमान वाढवलं तसा स्फटिकाचा आकार वाढला. यात जगाला नवीन काही नाही. आमच्या हॉट प्लेटला आहे.

याच सुमारास वर्गातल्या एकाने बातमी आणली की एक जर्नल तीन दिवसांत पेपर छापतं, फी भरली की झालं, आणि सर्टिफिकेटही मिळतं. दोन-तीन ग्रुपनी लगेच पैसे काढले. आम्हालाही मोह झाला. एम.एस्सी.च्या मुलाखतीत 'पब्लिकेशन' म्हणून सांगता आलं असतं. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप मला मिळाली नव्हती, ती सलही होती. मॅडम ऐकून घेत म्हणाल्या, "तीन दिवसांत ते वाचतात कधी?" विषय तिथेच संपला. मला वाटतं, पदवीच्या मुलांनी संशोधन करावं असं सगळेच म्हणतात, नव्या धोरणात तर चौथं वर्षच त्यासाठी आहे. पण मोजायचं काय, तर कागद. काच धुतल्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही. आणि मॅडमच्या सोळा तासांतला एकही तास त्यासाठी कमी होत नाही. आमच्यासाठी त्या थांबायच्या ते संध्याकाळी, स्वतःच्या वेळात.

व्हायवा एप्रिलमध्ये झाला, तो आधीच सांगून टाकते. एक्सटर्नल सरांनी बोर्डापाशी उभं केलं आणि विचारलं, मशीनमुळेसुद्धा शिखर थोडं रुंद होतं, ते वजा केलंत का? नव्हतं केलं. त्यांनी समजा ०.१ अंश धर म्हटलं, वर्ग करून वजा करायला लावलं. ०.३० चं ०.२८३ झालं, २७.७ चं २९.४. "मग २७.७ मधल्या त्या .७ ला काय अर्थ आहे?" काही नाही, सर. मग विचारलं, जाडी सगळीकडे सारखी आहे? मी वजनावरून काढली होती, स्लाइड आधी आणि नंतर तोलून. तीन मिलिग्रॅमचा फरक. त्यावरून सरासरी कळते, एवढंच. "मध्ये जास्त आहे, सर. नोझल हलत नव्हतं." त्यांनी मान हलवली. मार्क बरे पडले. मोटर बसवायला हवी होती, हे मला तोवर दुसऱ्याच एका माणसाकडून कळलं होतं.

ते फेब्रुवारीत. २८ तारखेला विज्ञान दिन. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. जीएमआरटीला दरवर्षी खोडदमध्ये मोठं प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजं आपापले प्रयोग घेऊन येतात, आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात. मॅडमनी आमचं नाव दिलं. म्हणजे मी शेवटी जीएमआरटीत गेले ती थिन फिल्म घेऊन. मांडवात आमचं टेबल, त्यावर न पेटवलेली हॉट प्लेट, स्टँडला नोझल, काळ्या कागदावर रंगीत काचा. मागे आभाळाला लागलेली डिश.

शाळेतली मुलं काचांचे रंग बघायला झुंबड करत होती. दुपारी आमचे आप्पा आले. बाजार उरकून, तसेच. त्यांनी काच हातात घेतली (कडेला धरा, मी ओरडले), उन्हात धरली, मग नोझलकडे वाकून पाहिलं.

"फवारणीच ना ही?"

मी म्हटलं, हो, फवारणीच.

"मग पंप एका जागी धरून का मारलं? मध्ये साचलंय, कडेला पोचलंच नाही." त्यांनी काचेवरच्या वर्तुळांवर नख फिरवलं. "हात हलता पाहिजे. आणि थेंब जाड पडतोय तुमचा. नोझल झिजलंय का?"

मॅडम शेजारच्या टेबलावर होत्या, त्या वळल्या. "तुम्ही द्राक्षाला मारता का टोमॅटोला?"

"दोन्हीला. द्राक्षाला बारीक लागतं, मॅडम. वाऱ्याला पाठ करून."

"किती अंतरावरून?"

पुढची वीस मिनिटं ती दोघं बोलत होती. थेंब केवढा, हवेचा दाब वाढवला की काय होतं, औषध गाळून घेतलं नाही तर चोक कसं होतं, ओळखायचं कसं. आप्पा म्हणाले, "आवाजावरून." मॅडम हसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी मुलांना ब्रॅगचं सूत्र समजावून सांगत होते, पण लक्ष सगळं तिकडे. मॅडम सांगत होत्या की पूर्वी नोझल हलवायला गाडीच्या वायपरची मोटर लावली होती, ती जळाली. नवीनसाठी प्रस्ताव टाकला होता, त्याला दोन वर्षं झाली.

"वायपरची?" आप्पा म्हणाले. "एवढंच ना?"

आठवड्याभराने कॉलेजच्या गेटवर आमच्या गावचा टेम्पोवाला उभा होता. टोमॅटोचा क्रेट, वर टोमॅटो, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुन्या जीपची मोटर, ग्रीससकट. आमच्या फिल्म तोवर काढून झाल्या होत्या, त्यामुळे ती आता पुढच्या बॅचच्या कामाला. मी क्रेट लॅबमध्ये नेला. मामांनी टोमॅटो उचलून बाजूला केले, मोटर टेबलावर ठेवली आणि मॅडम आत येताना मला म्हणाल्या, "आधी ते हात धू. साबणाने. काचेच्या कपाटाला लावू नकोस."